पाखरांचा दुभाष्या

आमच्या शेजारच्या शंकरआबांना पाखरांची भाषा येत असे. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायला पाखरं काही येत नव्हती. कावळा ज्याच्या पत्र्यावर ओरडे, त्याला ओट्यावरून आबांची हाक जाई, "पाव्हना यायलाय रे!" मग ऐन जेवायच्या वेळी पाहुणा म्हणून आबाच हजर होत.

एका वर्षी पावशा 'पेरते व्हा' म्हणाला, आबांनी दुजोरा दिला आणि आमच्या वडिलांनी पेरलं. पाऊस आलाच नाही. वडील जाब विचारायला गेले, तर आबा शांतपणे म्हणाले, "ते पाखरू वालूरचं व्हतं. आपल्या शिवारातलं न्हाई." बियाणं गेलं ते गेलंच, वर वडिलांनाच पाखरू ओळखता येत नाही असं गावात ठरलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला त्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या वस्तीत सोजराबाईचं घर जाळलं. जाळणारे गावातलेच. दिवेलागणीला ते नाल्याच्या वाटेनं गेले, आणि ती वाट आबांच्या ओट्यासमोरूनच जाते. दुसऱ्या दिवशी फौजदार ओट्यावर आला. आबांनी घसा खाकरला.

"टिटवी लय वरडली, सायेब. तवाच म्या वळखलं, आज वाईट व्हनार."

फौजदारानं ते लिहूनसुद्धा घेतलं!

सोजराबाई खाली अंगणात उभी होती. नाल्याकाठी रोज गवत कापणारी बाई. म्हणाली, "आबा, वाटंच्या कडंला तिची अंडी हाईत. मानूस जवळ आल्याबिगर ती वरडत न्हाई. तुमी हितंच बसला व्हता. कोन गेलं, तेवढं सांगा."

जमलेली माणसं आबांकडे बघू लागली. त्यांच्यात जाळणारेही असणारच.

"पाखराची भाषा लय अवघड असती, बाई," आबा म्हणाले. "आपल्याला कुठं कळती!" आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली. कुणालाच शिक्षा झाली नाही. मला त्या दिवशी आबांची जी चीड आली, ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर आबांना तेवढी टिटवी ऐकू येईनाशी झाली. बाकी कान शाबूत होते. शेजारी कपबशी वाजली की त्यांना लगेच कळे.

विद्यापीठाचं नाव अखेर बदललं, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आबा गेले. तिरडी नाल्याच्या वाटेला लागली, तशी टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. खांदेकऱ्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, "अपशकुन झाला."

बांधावर सोजराबाई सरपण वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

"अपशकुन कशाचा? मानसं दिसली, की सांगती ती."