ट्यूबखालचा पाला

ट्यूबचं झाकण काढून मी आधी वास घेतला. कसलाच वास नाही. औषध म्हटलं की कडू, उग्र, काहीतरी नाकाला लागायला पाहिजे की नको? तिथंच माझ्या मनात शक बसला, आणि एकदा बसलेला शक आमच्या खानदानात लवकर उठत नाही.

ट्यूब होती आमच्या मालकांच्या पायाच्या अंगठ्यासाठी. मालक म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय नाही, इथंही घेत नाही. त्यांना बारा वर्षांपासून साखर आहे. पुतणीच्या लग्नात त्यांनी नवा बूट घातला, अंगठ्याखाली चामडं घासलं. साखरेच्या माणसाला पायाचं दुखणं कळत नाही, म्हणून दोन दिवस तसेच वऱ्हाडात मिरवले. घरी येऊन मोजा ओढला तेव्हा मोज्यासोबत कातडी आली. पुढं तीन महिने ती जखम भरायचं नाव घेईना. मुकुंदवाडीतल्या आमच्या डॉक्टरनं हात टेकले आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी जखमेत चिमटा घालून बघितलं आणि मान वर न करता सांगितलं, "दोन महिने बघू. नाही भरली तर अंगठा काढावा लागेल. उशीर केला तर पाऊल."

मालकांचं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलं, नंतरची तीस वर्षं कंपनीत मशीनपुढं उभं राहण्यात. आता चालायला मिळालं तर रोज स्टेशनापर्यंत जाऊन येतात, तेवढाच त्यांचा शौक. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "अंगठा गेला तर चप्पल पायात कशी राहील गं?"

बस, एवढंच. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या खेपेला एक तरुण डॉक्टरीण आमच्याजवळ बाकड्यावर येऊन बसली. "काकू, एक नवीन मलम आहे. वनस्पतीपासून काढलेलं. आम्ही त्याचा अभ्यास करतोय. काकांना त्यात घ्यायचं का?" आणि तिनं सोळा पानांचा फॉर्म माझ्या हातात दिला.

मी शाळेत गेले नाही. चाळिशीत लेकीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले, आणि तेव्हापासून हातात आलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नाही, भेळीचा असला तरी. सोळाच्या सोळा पानं वाचायला घेतली. पाच नंबरच्या पानावर अडकले. तिथं लिहिलं होतं की निम्म्या लोकांना औषध घातलेलं मलम मिळेल आणि निम्म्यांना बिनऔषधाचं. कुणाला कोणतं, ते रुग्णालाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही नाही.

"म्हणजे तुम्हाला बी ठाऊक नाय?"

"नाही काकू. ट्यूबवर फक्त नंबर असतो."

"मग कुणाला ठाऊक हाय?"

"कॉम्प्युटरनं ठरवलंय. यादी कुलपात आहे."

"आन् चावी?"

ती हसली. "चावी माझ्याकडं नाही, म्हणून तर खरं-खोटं कळतं. मला माहीत असतं तर ज्यांना औषध मिळालंय त्यांच्या जखमा मला उगाच बऱ्या दिसायला लागल्या असत्या."

उत्तर चांगलं होतं. चांगल्या उत्तराचा मला जास्तच शक येतो. ड्रेसिंग आणि साखरेच्या गोळ्या सगळ्यांना सारख्याच, ट्यूब तेवढी वरची, आणि वाटेल तेव्हा सोडून जाता येतं, असंही तिनं समजावलं. मी अजून सहाव्या पानाकडं बघत होते तोवर मालकांनी पेन मागून घेतला. त्यांना सगळ्यांचाच भरोसा वाटतो. म्हणून घरात शक करायचं काम माझ्या वाट्याला आलं.

तर घरी येऊन मी तो वास घेतला. वास नाही, रंग नाही, बोटाला नुसतं लोण्यासारखं लागतंय. मी मनात म्हटलं, गेली ट्यूब. आपल्या नशिबी बिनऔषधाची आली.

माझं माहेर देवगाव रंगारीकडचं, मेंढरं राखणारं. पावसाळ्यात चिखलानं मेंढरांची खुरं सडायची, त्यात किडे पडायचे. माझी आई एका पाल्याचा रस त्यात पिळायची, आणि मेंढरू पुन्हा कळपात चालायला लागायचं. त्या पाल्याचं नाव सांगायचं नसतं. सांगितलं की गुण जातो, असं आमच्यात मानतात. आईनंही मला तो बोटानं दाखवला, तोंडानं सांगितला नाही. तेव्हा तुम्हीही नाव विचारू नका. आणि तो तोडायची एक रीत आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन त्याला हळद-कुंकू लावायचं, चार तांदूळ ठेवायचे, आणि आवतन द्यायचं, "उद्या न्यायला येते. माझ्या माणसासाठी येते. गुण घेऊन चल." दुसऱ्या दिवशी सूर्य निघायच्या आत तोडायचा, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही.

मुकुंदवाडीत रेल्वेच्या भिंतीला लागून तो उगवतो. लोक त्याच्यावर कचरा टाकतात. मी कचरा बाजूला केला आणि आवतन दिलं. फिरायला निघालेल्या दोघी-तिघी थांबून बघायला लागल्या, तशी मी चप्पल हुडकायचं सोंग केलं.

सकाळी रस पिळायला बसले तर मालकांनी पाय आखडता घेतला. "हे मेंढराचं औषध ना?"

"व्हय."

"मग मी काय मेंढरू हाय?"

"मेंढरू बरं. नवा बूट घालून लग्नात मिरवत तरी नाही."

त्यांनी पाय पुढं केला. आधी पाल्याचा रस, तो सुकला की वरून ट्यूब, असं रोज दोन वेळा. ट्यूब बंद केली नाही मी. समजा चुकून औषधाचीच असली तर? तेवढा शक मी माझ्या शकाचाही ठेवला होता.

दवाखान्यानं एक वही दिली होती. रोजच्या पानावर छापील प्रश्न. आज मलम लावलं का? हो. साखरेची गोळी घेतली का? हो. जखमेवर दुसरं काही लावलं का?

मी 'नाही'वर खूण केली.

तोंडानं मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन. सासूशी, शेजारणीशी, गॅसवाल्याशी. पण लिहायला शिकल्यापासून कागदावर खोटं पहिल्यांदाच उतरवलं. एकदा वाटलं, सांगावं. पण पाला सांगायचा नसतो, आणि सांगितलं तर अभ्यासातून काढतील, ट्यूब जाईल, ती डॉक्टरीण जाईल, आणि राहील फक्त चिमट्यावाला डॉक्टर. म्हणून रोज एक खूण.

जखम भरायला लागली. खरंच लागली. तळाला लाल मांस दिसायला लागलं, कडा आत सरकल्या. डॉक्टरीण दर खेपेला शेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो काढायची. तोंडानं काही म्हणायची नाही, पण फोटो दोनदा बघायची. मी मनात म्हणायची, बघ बाई बघ, तुझ्या कुलपाला माझी चावी लागली.

दीडेक महिना झाला असेल. त्या दिवशी आमच्या शेजारी कन्नड तालुक्याकडची एक बाई बसली होती. तिचा मालकही त्याच अभ्यासात, तीच नंबरवाली ट्यूब. पण त्यांची जखम वाढत चालली होती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन बोटं आता काढू द्या, म्हणजे पाऊल राहील. डॉक्टरीण तिला तेच समजावत होती आणि ती ऐकत नव्हती. एवढ्यात आमच्या मालकांची पट्टी सोडली. ती बाई वाकून बघायला लागली.

"ह्यांचं तर भरलं की. मग आमचं बी भरंल. आमी थांबतो, बाई. बोटं नाय काढायची."

"प्रत्येकाचं वेगळं असतं, मावशी."

"ट्यूब तर एकच हाय नव्हं?" आणि मग माझ्याकडं वळली. "अक्का, तुमी सांगा. ट्यूबनंच भरलं ना?"

मी तिची ट्यूब घेतली, झाकण काढलं, वास घेतला. आमच्यासारखीच. कसलाच वास नाही.

"व्हय," मी म्हटलं.

आम्ही बाहेर फाटकापर्यंत आलो. रिक्षावाला औरंगपुऱ्याचं भाडं सोडून आमच्याकडं वळला होता. मालक रिक्षात चढेनात.

"तिचा मालक आज चालत आला होता," ते म्हणाले. "मी बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. चालत आला होता, एवढंच म्हणतो."

पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस मला कधी रागावला नाही. रागावला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. मी रिक्षावाल्याला जा म्हटलं आणि जिना पुन्हा चढले.

डॉक्टरीण डबा उघडून बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिनं घास खाली ठेवला. "पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या. पहिल्या दिवशी आवतन द्यायचं असतं."

ती माझ्यावर ओरडली नाही. आधी उठली आणि त्या बाईला गाठायला धावली. ती बाई औषधाच्या खिडकीवर होती. काचेतून मला दोघी दिसत होत्या. डॉक्टरीण बोलत होती, ती बाई मान हलवत होती, आणि मग तिनं वळून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी सांगत बसत नाही.

परत आल्यावर डॉक्टरिणीनं वही माझ्यापुढं ठेवली. मी खोडरबर मागितलं. "खोडायचं नाही, काकू. खोट्यावर एक रेघ मारा, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहा, तारीख घाला, सही करा. प्रत्येक पानावर." एकेचाळीस पानं होती. माझी सही सावकाश होते. ती डबा जेवली, तीन पेशंट बघून आली, आणि माझ्या सह्या चालूच होत्या. अर्ध्यात मालकांनी विचारलं, "चहा आणू का?" आणि लंगडत जाऊन आणला.

आमचं नाव अभ्यासातून निघालं. ट्यूब परत घेतली. ड्रेसिंग मात्र चालू राहिलं, ते काही बंद केलं नाही. पाल्यावरून मात्र तिनं मला सुनावलं. "उघड्या जखमेवर कच्चा पाला, त्याची माती, त्यातले जंतू. काकांचा पाय गेला असता. आजपासून बंद." मला पटलं नाही. पण एकेचाळीस सह्यांनंतर माझ्यात भांडायची ताकद नव्हती. पाला बंद केला.

आणि जखम भरत राहिली. ट्यूब नाही, पाला नाही, नुसतं ड्रेसिंग, मऊ चप्पल आणि बिनसाखरेचा चहा. दोन महिने पुरे व्हायच्या आत वर नवी कातडी आली. अंगठा राहिला. मालक आता स्टेशनापर्यंत जातात, अंगठ्याची चप्पल घालून.

मग भरलं कशानं? मी डॉक्टरिणीला विचारलं. ती म्हणाली, "तेच तर, काकू. आता कुणालाच सांगता येणार नाही." ट्यूबमध्ये काय होतं, ते सगळा अभ्यास संपल्यावर कळवतील. कळलं तरी काय उपयोग? मीच ते सगळं एकत्र कालवून ठेवलंय.

शेवटच्या खेपेला तिनं हळूच विचारलं, "तो पाला मला दाखवाल का? तपासून बघू आपण."

"आन् मग तुमी ट्यूबमधी भरून नंबर टाकणार."

"इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. आधी नुसत्या काचेच्या बशीत, मग उंदरांवर, मग माणसांवर. कितीतरी वर्षं लागतात. बहुतेक पाले मधेच नापास होतात."

विचार करून सांगते, म्हटलं. अजून सांगितलेलं नाही. ती पाला पळवेल याचा मला शक आहे, की माझ्या आईचा पाला नापास होईल याची भीती, ते माझं मलाच ठरवता येईना.

परवा त्या कन्नडच्या बाईचा फोन आला. नंबर कुठून काढला कोण जाणे. दोन बोटं काढली, पाऊल राहिलं, मालक काठी घेऊन शेतापर्यंत जातो, म्हणाली. मग म्हणाली, "अक्का, त्या पाल्याचं नाव सांगा. दुसऱ्या पायाला फोड आलाय."

"फोड आलाय तर आजच दवाखान्यात न्या. पाला लावू नका."

"तुमच्या मालकांचं तर त्यानंच भरलं."

"मला माहीत नाय, बाई. खरंच माहीत नाय."

पलीकडं गाय हंबरली. "सांगायचं नसंल तर राहू द्या," ती म्हणाली. "आमाला कळतंय. गुण आपल्याच घरात ठेवायचा असतो."

मी पुन्हा सांगायला गेले तोवर तिनं फोन ठेवला होता. मी पुन्हा लावला. उचलला नाही. मग डॉक्टरिणीला लावला आणि तिला त्या फोडाचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, मी बोलते त्यांच्याशी." मी विचारलं, "नक्की बोलाल ना?" आणि संध्याकाळी पुन्हा फोन करून विचारलं, बोललात का.