लाल चिठ्ठीची पुडी

पडदा वर जावा आणि नजर खिळून राहावी, असं ते दुकान. भिंतभर लाकडी खण, त्यांना पितळी कड्या, मधोमध तागडी आणि तागडीमागे क्वांग य्वेलान. नदीकाठचं ते सगळं गाव तीस वर्षं तिच्या हातचं औषध डोळे मिटून पीत होतं.

त्या सकाळी तिने लुओ नावाड्याचा काढा बांधून दिला होता. पोटफुगी आणि ओकाऱ्या, म्हणून सुंठ, ज्येष्ठमध, लाल बोरं आणि बानश्या नावाचा कंद वेगळ्या पुडीत. हा कंद आल्याच्या रसात मुरवलेला असला तर ओकारी थांबवतो. कच्चा असला तर घसा सुजवून वाचाच घालवतो. कच्चा फक्त गळवावर लेपाला द्यायचा आणि त्या पुडीला लाल चिठ्ठी लावायची.

म्हशीच्या गळवाचा लेप न्यायला एक बाई आली. तिच्यासमोर य्वेलानने लाल चिठ्ठीची पुडी सहज उघडली, तर आल्याचा वास आला. चिठ्ठी भलत्याच पुडीला लागली होती. कच्चा कंद लुओकडे गेला होता.

 कच्च्या कंदावर उतारा म्हणून मुठीत आलं घेऊन ती धावत सुटली. लुओच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर काढ्याचा चोथा ओतलेला दिसला, अजून वाफाळत. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं, म्हणून घरोघरी असाच ओततात. म्हणजे काढा गाळून झाला होता. कदाचित पिऊनही.

ती गुडघ्यांवर बसून चोथा चिवडू लागली.

"काय गं, सोनं सांडलं का?" मासेवालीने टोमणा मारला.

कंदाचा पांढरा तुकडा हाती लागला. तिने तो चावला. जिभेत सुया शिरल्या. लुओला हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

तो दारातच बसला होता. निवलेल्या काढ्याचा वाडगा नुकताच ओठांशी नेलेला. तिने झडप घालून तो उडवला.

"तीस वर्षं प्या, प्या म्हणून मागे लागलीस, आणि आज..." लुओ चिडून म्हणाला. तिने घशाकडे बोट दाखवून मूठ पुढे केली. तिच्या मुठीतलं आलं त्यानेच ठेचलं, रस चमच्याने तिच्या घशात सोडला. आवाज परतल्यावर तिने आपली चूक सांगितली. त्याने ती गोष्ट स्वतःच्या मरणापर्यंत पोटात ठेवली.

पुढे वीस वर्षं य्वेलान बांधलेली प्रत्येक पुडी पुन्हा सोडून पाही. गिऱ्हाइकं कंटाळत, हसत. ती अंथरुणाला खिळली, तेव्हा लेकीने तोच बानश्याचा काढा करून आणला. य्वेलानने वाडगा घेतला नाही. लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"पुडी उघडून पाहिलीस ना?"