संबोधी लिहिलेली रिक्षा

मी रोज सकाळी ज्या रिक्षाने अंबरनाथ एमआयडीसीत जातो, तिच्या मागे ‘संबोधी’ लिहिलंय. कुणी अर्थ विचारला की रिक्षावाला भर चढावरसुद्धा इंजिन बंद करतो, मान मागे वळवतो आणि सांगतो, “पूर्ण जाग येणं. पण आपली आपल्याला.”

परवा मला रिक्षात डोळा लागला. जाग आली तेव्हा रिक्षा कंपनीच्या गेटसमोर उभी होती, शिफ्ट सुरू होऊन अर्धा तास झाला होता आणि हा शांतपणे पेपर वाचत होता.

“अरे, उठवायचं ना मला.”

“मी उठवलं असतं तर ती संबोधी नसती झाली, साहेब.”

लेट मार्क लागला. तेव्हापासून मी डोळे ताणून बसतो. तो आरशातून निरखतो आणि डॉक्टरसारखा म्हणतो, “सुधारणा आहे.”