डिकीतला सीलबंद डबा

आमच्या ह्यांना टॅक्सी स्टँडवर सगळे 'सावकाश' म्हणतात. खड्डा दिसला की त्याची विचारपूस करूनच पुढे जाणार. जन्मभर लोकांच्या गाड्या चालवल्या आणि पन्नाशी उलटल्यावर ही जुनी गाडी स्वतःची झाली. पोट तिच्यावरच. मला ताप आलाय हे ह्यांना संध्याकाळी कळायचं, पण तिच्या काचेवरचा डाग सकाळी अंधुक उजेडातही दिसायचा.

गेल्या वर्षी जावईबापूंनी हौसेनं तिच्या इंजिनात सिंथेटिक म्हणून महागडं तेल घालून दिलं. झालं! स्टँडवरच्या शहाण्यांनी ह्यांचे कान भरले. "आता बघायला नको. हे तेल आटतच नाही. पथ्य एकच, साधं तेल त्यात मिसळायचं नाही. थेंब पडला तरी इंजिनात दही!" ह्यांना तेवढंच हवं होतं. रोज सकाळी डिपस्टिक काढून तेल बघायची सवय होती, तीही सोडली. मी म्हटलं, "अहो, म्हातारी गाडी आहे, तेल पीत असेल." तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" नाहीच कळत बाई.

परवा लेकीकडून परत येताना चढावर तेलाचा लाल दिवा लागला. एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्यानं डिपस्टिक ओढली, तर टोकाला जेमतेम ओल.

"तेल आहे का जवळ?"

होतं ना! जुन्या सवयीनं ठेवलेला साध्या तेलाचा डबा डिकीत तसाच पडून होता.

"मग ओता की! ही तेलं मिसळतात एकमेकांत, काही होत नाही. नंतर सगळं बदलून घ्या. पण असं कोरडं चालवू नका."

हे समजूतदारपणे हसले. "सिंथेटिक आहे तिच्यात," म्हणाले. "आपल्या गॅरेजपर्यंत नेतो सावकाश."

मी डिकी उघडून डबा काढला आणि मांडीवर घेऊन बसले. अख्ख्या रस्त्यात हात जोडले, रडले, भांडले. "अहो, ओता ना! तो पंक्चरवाला काय वैरी आहे का आपला?"

"तिचं वाटोळं करायचंय का तुला?" एरवी ह्यांचा आवाज कधी चढत नाही.

काय करणार होते मी? किल्ली त्यांच्याकडे, दिवा लाल, आणि औषध माझ्या मांडीवर. आधी टकटक सुरू झाली, मग खडखड, मग एकच कर्कश आवाज आणि गाडी थांबली. ह्यांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. शेवटी मीच त्यांचा हात धरला.

गाडी ओढून गॅरेजात नेली. मेकॅनिकनं इंजिन खोललं आणि मान हलवली. "जाम झालंय. ह्यात आता काही राहिलं नाही, भाऊ. अहो, कुठलंही तेल लिटरभर ओतलं असतं तरी घरी पोचला असता. काहीच नव्हतं का जवळ?"

डबा माझ्या हातात होता. ह्यांच्या पुढ्यात आपटावा इतका संताप आला होता. पण हे फडकं घेऊन तिची काच पुसत होते, वर न बघता.

"होतं," ते म्हणाले. "पण साधं होतं हो."