चक्क्याचा दगड

जुलैचा दुसरा शनिवार, सकाळी अकरा. हजर: मी, नवरा, मुलगी आणि आमचे कतारमधल्या अल खोरचे जुने शेजारी. ठिकाण: इंग्लंडमधलं त्यांचं खेडं. पंचवीस-तीस घरं, एक चर्च आणि टेकडीवर चढत गेलेल्या चुनखडीच्या भिंती. त्यांत सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. मेंढ्यांच्या कुरणात मध्येच उघडे पांढुरके कातळ. अल खोरच्या किनाऱ्यावरही असाच दगड मिळतो, फक्त तिथे गवत नाही.

शेजाऱ्यांनी आम्हाला थेट परसातल्या भिंतीपाशी नेलं. त्यांची बायको कतारला निघाली, तेव्हा वडिलांच्या या भिंतीतला एक चपटा दगड काढून घेऊन गेली होती. "परत आल्यावर मीच बसवीन," असं सांगून. पण ती तिकडेच वारली. पुढे निवृत्त होऊन ते परतले, तेव्हा सामानाची बांधाबांध मी केली. प्रत्येक खोक्यावर यादी, 'दगड'पुढे टिक.

"बसत नाही," ते म्हणाले आणि दगड खाचेत घालून फिरवून दाखवला. "चार महिने झाले. भिंतच खचली असेल. तिचं एवढं एकच काम होतं माझ्याकडे."

मुलगी वाकून बघत होती. "आई, दॅट्स अवर चक्का स्टोन!"

खरंच की. आमच्या घरात फडकं टांगायला खुंटी नाही, म्हणून मी दही बांधून त्यावर किनाऱ्यावरचा एक दगड ठेवायचे. तो डुगडुगायचा. एका पाडव्याला शेजारीण म्हणाली, "माझा घे, बूड सपाट आहे." माझा तिने दाराला अडसर म्हणून नेला. बांधाबांधीत त्यांच्या दाराजवळचा दगड मी डोळे झाकून खोक्यात टाकला होता.

मी सगळं सांगून टाकलं.

"तुझ्या यादीत चूक?" नवरा म्हणाला. "तारीख लिहून ठेवतो."

शेजारी हसले. मग भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे भिंत शाबूत आहे. खलास, मिटलं! पण तिचा दगड थंडीच्या आत आणा. बर्फाने खाचेच्या बाजूचे दगड सुटतात."

अल खोरला परतल्यावर शेजारणीचा दगड तीनदा घासला. दह्याचा पिवळट डाग जात नाही. तो तसाच राहू दे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. नवऱ्याची ऑक्टोबरची रजा मंजूर व्हायची आहे. दगड वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवलाय, तिकीट अजून काढलेलं नाही.