कमळाआत्यांच्या कोलूतलं पिवळं शेत

दर वर्षी आश्विन जवळ आला की मी या ब्लॉगवर तुम्हाला घर आणि गॅलरी सजवायच्या युक्त्या सांगते. शेवंतीच्या कुंड्या कुठे ठेवाव्यात, दारात काय लावावं, पावसाने शेवाळलेली कुंडी कशी घासावी. आज कबूल करते, गेली तीन वर्षं ते फोटो जुने होते. माझा नवरा अभय वेगळा राहायला गेला तेव्हापासून कोथरूडच्या माझ्या घरात ना घट बसले, ना गॅलरीत एक झेंडू फुलला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! एकटीने कोणासाठी मांडायचं, याचं उत्तर मला सापडत नव्हतं. यंदा एकतर घर मांडायचं, नाहीतर ब्लॉग बंद करायचा असं ठरवलं, आणि दोन्हींतलं काहीच न करता कुंभकोणमचं तिकीट काढलं.

तिथेच का, तर ऑफिसातली माझी मैत्रीण राधा तंजावर मराठी. तिची आत्या कुंभकोणमला एकटी राहते आणि नवरात्रात कोलू मांडते, म्हणजे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या. "आत्याला हाताखाली कोणीतरी हवंच असतं," राधा म्हणाली. पुण्याहून चेन्नईपर्यंत रात्रीची गाडी, मग एग्मोर स्टेशनवरून दिवसाची गाडी, सहा-साडेसहा तास. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. माझ्या समोरचं कुटुंब डबा उघडून दहीभात खात होतं. त्यांनी मलाही दिला, आणि एवढ्याशा गोष्टीने माझे डोळे भरून आले. एकटीने प्रवास करताना असं होतं, हे कोणी आधी सांगत नाही.

कमळाआत्या निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलं नाही. दारात उभ्या होत्या. "ये की. जेवलीस काय?" त्यांची मराठी ऐकून मी क्षणभर गोंधळले, शब्द आपलेच, पण जुने, आणि चाल तमिळ. भाजीवाल्याशी त्या तमिळ बोलत, घरात शिरल्या की मराठी. पण घरात मराठी बोलायला दुसरं कोणी नव्हतं. देवाशी बोलते, असं त्यांनीच सांगितलं.

अमावास्येला चार दिवस होते. पहिल्या दिवशी ट्रंका उघडल्या. प्रत्येक बाहुली जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. पुसता पुसता माझी कंबर धरली. दुसऱ्या दिवशी कुंभारांच्या गल्लीत गेलो, कारण दर वर्षी एक तरी नवी बाहुली आणायची अशी रीत आहे. आत्यांनी जात्यावर बसलेली बाई घेतली. मी मातीचा एक छोटा बैल उचलला, ठेवायचा कुठे असा विचार आला, आणि परत ठेवून दिला. परतताना पितळी वाटी-पेल्यातून कॉफी प्यायलो. उन्हाळ्यासारखं उकडत होतं, तरी गरम कॉफीच प्या.

आता बागेची गोष्ट. कोलूच्या पायथ्याशी एक छोटी बाग करतात, तिला सगळे 'पार्क'च म्हणतात. परातीत वाळूमाती, त्यात मोहरी, मेथी, नाचणी पेरायची, मध्ये आरशाचं तळं, काठावर मातीची घरं. हे काम मी मागून घेतलं. बागेची जाणकार ना मी! आले त्याच रात्री बिया भिजवल्या, सकाळी पेरल्या आणि आईची घटाची पद्धत आठवून परात कोठीघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, टोपलीखाली झाकून ठेवली. दोन वेळा पाणी शिंपडत होते. आत्यांना बघू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी रिक्षा करून जवळच्या इन्नंबूर गावाला जाऊन आले. रस्त्याकडेला एका बाजूला भात पिवळं होऊन कापणीला आलेलं, लगेच पलीकडे नुकती लावणी झालेली हिरवी रोपं. फोटो भरपूर काढले. पाठवायला कोणी नव्हतं, म्हणून राधाला पाठवले. तिचा अंगठा आला.

अमावास्येच्या संध्याकाळी सात पायऱ्या मांडून झाल्या, पांढरं वस्त्र अंथरलं, आणि मी ऐटीत परात आणून टोपली उचलली. रोपं चांगली बोटभर, पण पिवळीधमक. आपल्याकडे घटाचं धान पिवळंच कौतुकाचं. इथे मात्र बाग हिरवीगार हवी, आणि त्यासाठी परात सकाळच्या उन्हात ठेवतात. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आत्यांनी चष्मा सरळ केला. "अंधारात ठेवलीस? ते बिचारं कसं हिरवं होईल?" मग जरा वेळ बघत राहिल्या. "सरी," म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. "बाहेर भात पिकलंय की. हे शेत." आणि त्यांनी जात्यावरच्या बाईला त्या शेताच्या बांधावर बसवलं.

पाहुण्या आपोआप येत नाहीत. सकाळी कुंकवाची डबी घेऊन दारोदार जाऊन बोलवायचं असतं. आम्ही नऊ घरी गेलो. दोन घरांना कुलूप होतं, एका घरात आता नवे भाडेकरू होते. आत्यांनी त्यांनाही बोलावलं. पहिल्या संध्याकाळी चार बायका आल्या, गाणी म्हटली, सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खाऊन गेल्या. शेताचं कौतुक झालं. दुसऱ्या संध्याकाळी कोणीच आलं नाही. समया लावलेल्या, सुंडल झाकलेलं, आत्या नऊवारी नेसून पाटावर. साडेसात झाले. त्यांनी एकटीनेच एक पद म्हटलं. मला ते बघवेना. शेवटी विचारलंच, वाईट नाही वाटत?

"वाटतं की. मांडलं तरी वाटतं, न मांडलं तरी वाटतं," त्या म्हणाल्या. "मग मांडून बसते."

पाचव्या माळेला मी पुण्यात पोहोचले. कुलूप उघडलं तेव्हा घराला बंद वास येत होता. तुम्हाला घरी करायचं असेल तर पायऱ्यांसाठी पाट आणि पुस्तकांचे खोके चालतात; मी तेच वापरले. बाहुल्या नव्हत्या, म्हणून तांबे, वाट्या, आईची पितळी भातुकली मांडली. पायथ्याच्या बागेसाठी मोहरी पेरली, परात या वेळी गॅलरीच्या उन्हात ठेवली. मग समोरच्या दाराची बेल वाजवली. तीन वर्षांत तिथल्या बाईंशी माझं लिफ्टपुरतंच बोलणं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग कुंकवाच्या डबीकडे पाहिलं आणि येते म्हणाल्या.

सातपर्यंत वाट पाहिली. मग आठपर्यंत. त्या आल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, तुमच्यापासून कशाला लपवू. दिवा विझेपर्यंत त्याच खोलीत बसले, थंड झालेलं सुंडल खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकवाची डबी घेऊन खालच्या मजल्यावर गेले. तिथे चार दारं आहेत.