सोयर फिटल्यावर

उंब्रजजवळच्या आमच्या गावात, एका मोठ्या घरच्या बारशाला माझी आई अंगणात बसली होती. ती सुईण होती. त्या बाळाची नाळ तिने कापली होती. दहा दिवस त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातले होते. आत बाळ रडू लागले तशी ती नकळत उठली, उंबऱ्यापर्यंत गेली.

"कुटं निघालीस? सोयर फिटलं आता, इटाळ हुईल. लांब ऱ्हा," घरच्या आजी म्हणाल्या.

एक बाई हसली. "आवं, हात शिवशिवत्यात तिचं."

आई मागे येऊन बसली. पदरात पडलेल्या घुगऱ्या तिने मला दिल्या. मी खाल्ल्या. मला लाज वाटली ती तिची. त्यांची नव्हे.

पुढे सांगलीत नोकरीला लागलो. आई शेतमजूर होती, असे सांगत राहिलो. ती वारली तेव्हाही हेच सांगितले.

यंदा एका संस्थेने वंचित समाजांतील मुलींसाठी प्रसूतीसेवेच्या प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती काढली. निवड समितीवर 'आपल्या समाजाचा माणूस' म्हणून मला घेतले. कडेगावकडची एक मुलगी मुलाखतीला आली. आमच्यातलीच.

"आजी सुईण? मग घरीच शीक की फुकटात," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"आजीच्या हातातनं एक बाळंतीण गेली, मॅडम. म्हणून शिकायचं हाय."

"बघा, स्वतःच सांगतेय! हिच्या हाती कोण देणार आपली सून?"

सगळे हसले. मुलीने माझ्यासमोरच्या पाटीवरचे आडनाव वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मीही हसत होतो.

ती बाहेर गेली. तिला वगळायचे ठरायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. माझ्या एकट्याच्या विरोधाने काही अडणार नव्हते. बहुमत त्यांचे होते. तरी मी उठलो. दार उघडले आणि मुद्दाम उघडेच ठेवले.

ती बाकावर बसून पिशवी आवरत होती.

"न्हाई घेतलं न्हवं?" तिने विचारले.

"नाही. आणि मी काही करू शकलो नाही." माझा आवाज जन्मात प्रथमच इतका मोठा निघाला. "आत सगळे हसले, त्यांत मीही होतो. माझी आई सुईण होती, पोरी. मांगवाड्यातली सुईण. आजवर मी ते लपवले. यापुढे त्या खुर्चीत बसेन तो हे सांगूनच बसेन, नाहीतर बसणार नाही. मी तुझा अपराधी आहे. तिचाही. मला माफ कर."